क्लेन्झर फाटला, आता काय?

"ताई, माझी स्किन खूप ड्राय आहे. फेसवॉशने तोंड धुतलं की पाच मिनिटांत गाल असे ओढले जातात की हसायला नको वाटतं. म्हणून ठरवलं घरीच काहीतरी माइल्ड बनवायचं. एका व्हिडिओत बघून लिक्विड कॅस्टिल सोप घेतला, त्यात पाणी, अर्ध्या लिंबाचा रस, दोन चमचे खोबरेल तेल, व्हिटॅमिन ईच्या दोन कॅप्सूल आणि लॅव्हेंडर ऑइलचे दहा थेंब. लिंबू घातल्याबरोबर सगळं पांढरं होऊन गाठी झाल्या. तरी हलवून हलवून वापरला. आठवड्याने वास यायला लागला आणि ड्रायनेस तर वाढलाच. माझं काय चुकलं? केमिकल नसलेला, खरंच माइल्ड क्लेन्झर घरी होतो का? नीट जमला तर मैत्रिणींनाही द्यायचा विचार आहे. – ओढलेली"

अगं ओढलेली, पत्र वाचताना मी हसले, तुला नाही गं, मला माझेच दिवस आठवले. गाठी झालेला क्लेन्झर हलवून हलवून वापरणाऱ्यांमध्ये मी पण होते, एवढा खटाटोप करून बनवलंय तर टाकायचं कसं म्हणून. असो. पहिलं काम म्हणजे ते सगळं ओतून दे, आणि बाटली पण टाक, धुऊन परत वापरायचा मोह होईल पण नको, पंपाच्या नळीत आत काय बसलंय ते आपल्याला दिसत नाही.

आता गाठी का झाल्या ते बघू, कारण तुझ्या निम्म्या पत्राचं उत्तर त्यातच आहे. कॅस्टिल सोप म्हणजे नाव कितीही गोड असलं तरी साबणच, तेल आणि अल्कली यांची रिअ‍ॅक्शन करून बनवलेला, लिक्विड साबणात ती अल्कली म्हणजे पोटॅशियम हायड्रॉक्साइड. साबणाचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीचं माप, ७ च्या खाली आम्ल आणि वर अल्कली, असतो ९ ते १० च्या आसपास आणि तो तिथेच साबण म्हणून टिकतो. तू त्यात लिंबू पिळलंस, लिंबाच्या रसाचा पीएच २ ते २.५, मग व्हायचं ते झालं, आम्लाने साबण मोडला आणि ज्या फॅटी अ‍ॅसिडपासून तो बनला होता ती सुटी होऊन तरंगायला लागली. त्याच तुझ्या पांढऱ्या गाठी. दूध नासतं तसंच दिसतं ते, म्हणून मी त्याला क्लेन्झर फाटला असंच म्हणते. व्हिनेगर घातलं असतंस तरी हेच झालं असतं. म्हणजे साबणाचा पीएच उतरवून तो त्वचेच्या लेव्हलला आणू असं कोणी कितीही छान म्हणून दाखवलं तरी ते होत नाही, तो एकतर अल्कलाइन राहणार नाहीतर साबण राहणार नाही. व्हिडिओत गाठी दिसत नाहीत कारण गाठी यायच्या आत व्हिडिओ संपलेला असतो.

आणि पीएचचं एवढं काय घेऊन बसलीये असं वाटत असेल तर सांगते. त्वचेचा अगदी वरचा पृष्ठभाग आम्लधर्मी असतो, साधारण ४.५ ते ५.५. शाडे आणि मार्किओनिनी या दोन जर्मन डॉक्टरांनी १९२८ मध्ये याला आम्लाचं आवरण असं नाव दिलं, तेव्हापासून ते नाव चिकटलंय. हे आम्ल नुसतं शोभेला नाहीये, त्वचेच्या वरच्या थरात पेशींच्या मध्ये जे फॅट असतं ना, सेरामाइड वगैरे, ते तयार करणारी एन्झाइम्स आम्लात नीट काम करतात, आणि पीएच वर गेला की ती मंदावतात आणि उलट पेशी सोलून काढणारी एन्झाइम्स जोरात येतात. चांगली त्वचा धुतल्यावर काही तासांत परत जागेवर येते. तुझ्यासारख्या आधीच कोरड्या त्वचेला जास्त वेळ लागतो, तेवढ्यात तू संध्याकाळचं तोंड धुवायला हजर.

बरं, आता ती ओढल्यासारखी फीलिंग. आपल्याला लहानपणापासून वाटत आलंय की तोंड धुतल्यावर बोट फिरवलं की कचकच वाजलं पाहिजे, म्हणजे स्वच्छ. ते स्वच्छ नाही, ते लुटलेलं आहे. क्लेन्झरमधला जो साफ करणारा पदार्थ असतो, सर्फॅक्टंट, त्याचं एक टोक तेलाला धरतं आणि दुसरं पाण्याला, त्यामुळे तेल पाण्याबरोबर वाहून जातं. पण त्याला हे कळत नाही की हे सनस्क्रीनचं तेल आणि हे हिचं स्वतःचं सेरामाइड, तो दिसेल ते उचलतो. शिवाय तुझ्या त्वचेत पाणी धरून ठेवणारे काही पदार्थ असतात, अमिनो अ‍ॅसिड, युरिया, लॅक्टेट असे, ते पाण्यात विरघळतात, म्हणजे ते जायला सर्फॅक्टंट पण लागत नाही, गरम पाण्याखाली दोन-तीन मिनिटं तोंड धरून उभी राहिलीस की त्यातले बरेच गेले. म्हणून मी ड्राय स्किनवाल्यांना रेसिपीच्या आधी विचारते, धुतेस कशी?

तुझ्या पत्रात ते नाहीये म्हणून अंदाजाने लिहिते. सकाळी क्लेन्झर बंद कर, नुसतं पाणी पुरे, रात्रभर तू उशीवर झोपलेलीस, खाणीत काम करत नव्हतीस. रात्री एकदा क्लेन्झर, पाणी कोमट म्हणजे हाताला गरम न वाटणारं, अर्धा मिनिट फार तर एक मिनिट, घासणं नाही, स्क्रब नाही, तो खरखरीत गोल ब्रश असेल तर तो कपाटात. मग टॉवेलने टिपायचं, चोळायचं नाही, आणि चेहरा थोडा ओलसर असतानाच दोन-तीन मिनिटांच्या आत मॉइश्चरायझर. हे एवढं दोन आठवडे करून बघ, बऱ्याच जणींचं इथेच भागतं आणि मग माझ्या रेसिपीत कोणाला रस राहत नाही, ते जाऊ दे. अजून एक, रेटिनॉल किंवा सॅलिसिलिक अ‍ॅसिड किंवा अजून कुठलं अ‍ॅसिड लावतेस का? लावत असशील तर आधी ते कमी कर, नाहीतर आपण इथे क्लेन्झरला शिव्या घालत बसू आणि चोर तिसराच निघेल.

आता तुझा तो शब्द, केमिकल नसलेला. मला त्या शब्दाचा राग नाहीये पण तो उपयोगाचा नाही. पाणी पण केमिकलच, आणि तू घातलेलं लिंबू म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिडच. गंमत म्हणजे कोरड्या त्वचेला नैसर्गिक म्हणवणारा साबण जास्त त्रास देतो आणि लॅबमध्ये बनलेले काही सर्फॅक्टंट कमी. १९५७ मध्ये डव्हचा बार आला तो साबण नव्हताच, त्यात सोडियम कोकोइल आयसेथिओनेट नावाचा सिंथेटिक सर्फॅक्टंट होता, आणि १९७९ मध्ये फ्रॉश आणि क्लिगमन यांनी साबण त्वचेवर बांधून ठेवून किती लाल होतं ते बघायची एक टेस्ट काढली, त्यात हा सिंथेटिक बार नेहमीच्या साबणांपेक्षा सौम्य निघाला. म्हणजे सौम्य काय ते रेणू ठरवतो, झाडावरून आला की टाकीतून आला ते नाही. तू घातलेलं लॅव्हेंडर ऑइल बघ, अगदी झाडावरचं, पण त्यातलं लिनालूल हवेत ऑक्सिडाइज झालं की त्यातून अ‍ॅलर्जी करणारे पदार्थ तयार होतात. कोरड्या, भेगाळलेल्या गालांवर वासासाठी तेल घालणं म्हणजे फुकटची भानगड, माझ्या कुठल्याच क्लेन्झरमध्ये सुगंध नसतो.

तर घरी होतो का? होतो. माझ्या मते दोन प्रकारचा होतो, आणि तू आधी सोपा कर.

सोपा म्हणजे ज्यात पाणीच नाही. साध्या भाषेत क्लेन्झिंग ऑइल. ८० ग्रॅम सूर्यफूल तेल, साडेएकोणीस ग्रॅम पॉलिसॉर्बेट ८० आणि अर्धा ग्रॅम व्हिटॅमिन ई, झालं, कोरड्या भांड्यात मिसळ आणि कोरड्या बाटलीत भर. पॉलिसॉर्बेट ८० हा इमल्सिफायर आहे, म्हणजे तेल आणि पाणी एकत्र मिसळवणारा, तो नसेल तर तेल तोंडावरून निघता निघत नाही आणि मग माणूस ते काढायला परत फेसवॉश वापरतो, म्हणजे मुसळ केरात. इमल्सिफायर असला की कोरड्या हातांनी कोरड्या चेहऱ्यावर तेल लावायचं, अर्धा मिनिट फिरवायचं, मग हात ओले करून परत फिरवायचं, ते दुधासारखं पांढरं होतं (हे पांढरं चांगलं, तुझ्या गाठींसारखं नाही) आणि पाण्याने निघून जातं. बाटली ठेवून ठेवून तेल आणि पॉलिसॉर्बेट थोडं वेगळं होतं, तळाशी थर दिसतो, त्यात घाबरायचं काही नाही, दर वेळी हलवून घ्यायचं.

सूर्यफूलच का, तर त्यात लिनोलेइक अ‍ॅसिड नावाचं फॅटी अ‍ॅसिड जास्त असतं आणि त्वचा ते स्वतःच्या सेरामाइडमध्ये वापरते. फक्त बाटलीवर हाय ओलेइक लिहिलं असेल तर ते नको, ते वेगळ्या बियांचं असतं. ऑलिव्ह ऑइल म्हणशील तर त्यात ओलेइक अ‍ॅसिड जास्त, आणि ओलेइक अ‍ॅसिड त्वचेच्या थरात घुसून तो सैल करतं. २०१३ मध्ये एक अभ्यास आला होता, मोठ्या माणसांच्या हातांवर काही आठवडे ऑलिव्ह आणि सूर्यफूल लावून बघितलं, ऑलिव्हने थर कमजोर झाला आणि थोडी लाली आली, सूर्यफुलाने नाही. तो अभ्यास तेल लावून ठेवण्याचा होता, धुवून टाकण्याचा नाही, हे मान्य, पण हाताशी दुसरं बरं तेल असताना कशाला. खोबरेल काही जणींना चालतं, काही जणींना त्याने बारीक पुटकुळ्या येतात, तुझं तू बघ.

आणि याचं सगळ्यात मोठं सुख म्हणजे पाणी नसल्यामुळे जंतू वाढायला जागाच नाही, प्रिझर्व्हेटिव्ह लागत नाही. फक्त ओला हात बाटलीत गेला नाही पाहिजे, शॉवरमध्ये उघडी ठेवायची नाही. व्हिटॅमिन ई इथे तेल खवट होऊ नये म्हणून आहे, जंतू मारायला नाही, तुझ्या पहिल्या बाटलीत तू त्याच्यावर नको तो भरवसा टाकलास. तेलाला खवट वास आला की टाकून द्यायचं.

मेकअप, सनस्क्रीन लावत असशील तर मी सांगते तुला याच्या पुढे जायची गरजच नाही पडणार. पण तेल नको वाटतं, फेसाचीच सवय आहे, असं असेल तर दुसरा प्रकार. यात मेहनत आहे आणि वजनकाटा लागतो, एक ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा काटा, चमच्याने मोजून हे होत नाही, नाही म्हणजे नाहीच. चमचाभर म्हणजे किती हे प्रत्येक घरात वेगळं असतं आणि प्रिझर्व्हेटिव्ह अर्धा टक्का कमी पडला तर आठवड्याने तुझा जुना वास परत येणार.

इथे एक गोष्ट समजून घे मग रेसिपी स्वतःच बदलता येईल. सर्फॅक्टंट पाण्यात सुटे सुटे पण असतात आणि गोळे करून पण, त्या गोळ्यांना मिसेल म्हणतात. त्वचेत घुसून चुरचुर करतात ते मुख्यतः सुटे आणि छोटे. एकाच सर्फॅक्टंटवर भागवण्यापेक्षा दोन वेगळ्या जातीचे एकत्र केले की बरेचदा ते एकमेकांत मिसळून मोठे गोळे करतात आणि सुटे कमी उरतात, म्हणून जोडी सौम्य पडते. सोडियम लॉरिल सल्फेट मात्र या खेळात घेऊ नकोस, त्वचेवर मुद्दाम जळजळ आणायची असते तेव्हा डॉक्टर लोक तेच वापरतात टेस्टिंगला, एवढं पुरे त्याच्याबद्दल.

दुसरी गोष्ट, बाटलीत विकत मिळणारं सर्फॅक्टंट निम्मं-अधिक पाणीच असतं. कोको ग्लुकोसाइड साधारण ५० टक्के असतं, कोकामिडोप्रोपिल बीटेन साधारण ३० टक्के. म्हणजे ८ ग्रॅम कोको ग्लुकोसाइड घातलं तर खरं काम करणारं ४ ग्रॅम, आणि १० ग्रॅम बीटेन घातलं तर ३ ग्रॅम. १०० ग्रॅममध्ये ७ ग्रॅम झालं, सात टक्के. कोरड्या चेहऱ्यासाठी मी पाच ते आठ टक्क्यांच्या वर जात नाही. तू विकत घेशील त्यावर किती टक्के लिहिलंय ते बघ आणि त्याप्रमाणे गणित कर, हे गणित न करणं हीच निम्म्या घरगुती फेसवॉशची बोंब आहे, लोक बाटलीत तिसरा हिस्सा सर्फॅक्टंट ओततात आणि म्हणतात नॅचरल आहे तरी का ओढतंय.

तर १०० ग्रॅमसाठी, ८ ग्रॅम ग्लिसरीन घे आणि त्यात पाऊण ग्रॅम झॅन्थन गम (घट्टपणा आणणारी पावडर) भुरभुर, ग्लिसरीनमध्येच आधी, थेट पाण्यात टाकलास तर माशाच्या डोळ्यांसारखे गोळे होतात आणि ते तासभर मोडत नाहीत. मग ७० ग्रॅम डिस्टिल्ड पाणी हळूहळू घालत ढवळ आणि पंधरा मिनिटं झाकून ठेव, जेल होतं. दुसऱ्या भांड्यात ८ ग्रॅम कोको ग्लुकोसाइड आणि १० ग्रॅम बीटेन चमच्याने अलगद एकत्र कर, ब्लेंडर नाही, फेसाचा डोंगर होईल आणि मग दिवसभर तो खाली बसायची वाट बघत राहशील. ते जेलमध्ये अलगद मिसळ, १ ग्रॅम पॅन्थेनॉल (त्वचेत ओलावा धरणारं) घाल, असेल तर, नसेल तर अडत नाही, मग तेवढं पाणी वाढव.

आता पीएच. कोको ग्लुकोसाइड स्वतः चांगलंच अल्कलाइन असतं, ११ च्या वर, म्हणून हा भाग गाळलास तर आपण साबणापाशीच परत आलो. सायट्रिक अ‍ॅसिडची पावडर पाण्यात विरघळवून २० टक्क्यांचं द्रावण करून ठेव, म्हणजे २ ग्रॅम पावडर आणि ८ ग्रॅम पाणी, आणि ते थेंबाथेंबाने घाल, ढवळ, मोज. मोजायला १ ग्रॅम क्लेन्झर ९ ग्रॅम डिस्टिल्ड पाण्यात पातळ करून त्यात पीएच मोजायची कागदी पट्टी बुडव. ५ ते ५.५ आलं की थांब. पहिल्यांदा काहीच हलत नाही असं वाटतं आणि मग दोन थेंबांत एकदम उतरतं, तेव्हा शेवटी घाई नको. पट्टी घेताना बारीक पायऱ्यांची घे, १ ते १४ वाली ढोबळ पट्टी बघून ५ आहे की ६ आहे यावर घरात भांडणं होतात. लक्षात आलं का, लिंबाने जे काम तुझ्या साबणात केलं नाही तेच आम्ल इथे बरोबर काम करतं, कारण हे सर्फॅक्टंट आम्लात मोडत नाहीत. फक्त लिंबाचा रस नाही वापरायचा, त्यात साखर, गर, किती आम्ल आहे ते दर लिंबाला वेगळं.

सगळ्यात शेवटी प्रिझर्व्हेटिव्ह, फिनॉक्सीइथेनॉल आणि इथाइलहेक्सिलग्लिसरीन यांचं तयार मिश्रण मिळतं ते १ ग्रॅम. मग परत वजन कर आणि १०० ला जेवढं कमी असेल तेवढं डिस्टिल्ड पाणी घाल.

मला माहितीये इथे तू नाक मुरडणार. प्रिझर्व्हेटिव्ह नको म्हणूनच तर घरी बनवतोय ना ताई! अगं पण जिथे पाणी आहे तिथे जंतू आहेत, आणि त्यात ग्लिसरीन, गम असं खायला पण दिलंय आपण त्यांना. तुला वास आला तो आठवड्याने, पण वास यायच्या बऱ्याच आधी ते तिथे असतात, आणि कोरडी त्वचा म्हणजे बारीक भेगा असलेली त्वचा, तिथे स्युडोमोनाससारखे जंतू किंवा बुरशी चोळायची हे नैसर्गिक आहे खरं, पण आपल्याला हवं ते नैसर्गिक नाही. फ्रिजने फक्त वेग कमी होतो. मध पातळ केला की त्याची टिकायची ताकद जाते. ग्रेपफ्रूटच्या बियांचा अर्क प्रिझर्व्हेटिव्ह म्हणून विकतात, त्याचे काही नमुने तपासले तेव्हा जंतू मारणारं जे सापडलं ते बेंझेथोनियम क्लोराइडसारखं सिंथेटिक प्रिझर्व्हेटिव्हच निघालं. सोडियम बेंझोएट आणि पोटॅशियम सॉर्बेट चालतं, खाण्याच्या पदार्थांत असतं म्हणून काही जणींना बरं वाटतं, पण ते आम्लातच काम करतं, ५ च्या आसपास किंवा खाली ठेवलंस तरच, ६ वर गेलीस तर घातलं न घातलं सारखंच.

भांडी, चमचे, बाटली सगळं आधी साबणाने धुऊन, वाळवून, ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून परत वाळू दे, गॅस लांब ठेव. रुंद तोंडाची बरणी नको, पंप किंवा फ्लिप झाकणाची बाटली. वरून तारीख लिही, आणि बनवलेला पीएच पण. घरी आपण कंपनीसारखं मुद्दाम जंतू सोडून प्रिझर्व्हेटिव्ह टिकतो का ते तपासू शकत नाही, म्हणून एका वेळी १०० ग्रॅमच, आणि दोन महिन्यांत संपव नाहीतर टाक. मध्येच पातळ झालं, रंग बदलला, बाटली उघडताना फुस्स झालं, तर वास घेत बसू नकोस.

ओट्सचं विचारशील म्हणून आधीच सांगते, ओट्स चांगलेच आहेत, अगदी बारीक दळलेलं कोलॉइडल ओटमील अमेरिकेच्या एफडीएने २००३ मध्ये त्वचारक्षक म्हणून मान्य केलंय. पण ते क्लेन्झरच्या बाटलीत नको घालूस, प्रिझर्व्हेटिव्हवर फार ताण येतो. हवं तर धुवायच्या वेळी चमचाभर पीठ तळहातावर घेऊन त्यात पाणी घाल, लाव, धुवून टाक, उरलं ते फेक. बेकिंग सोडा मात्र कुठेच नको, त्याचा पीएच ८ च्या वर, आपण इतका वेळ जे टाळतोय तेच.

चेहऱ्यावर लावायच्या आधी कोपराच्या आतल्या बाजूला रोज रात्री लाव, एक मिनिट, धू, असं पाच-सहा दिवस. सौम्य म्हणजे अ‍ॅलर्जी होणारच नाही असं नसतं हं, कोकामिडोप्रोपिल बीटेनला २००४ मध्ये आणि ग्लुकोसाइडवाल्या गटाला २०१७ मध्ये अमेरिकन कॉन्टॅक्ट डर्मटायटिस सोसायटीने त्या त्या वर्षाचा अ‍ॅलर्जन म्हणून निवडलं होतं, म्हणजे बहुतेकांना चालतात पण काहींना अजिबात नाही. खाज, लाली आली तर तू त्या काहींमधली, तेलवाल्यावर परत जा, आणि पुढे विकतचं काही घेताना लेबलवर ते नाव शोध.

आणि एक शंका माझी. फक्त गाल ओढतात की नाकाच्या बाजूला, भुवयांमध्ये पिवळट पापुद्रे पण निघतात? ते असेल तर तो कोरडेपणा नसून सेबोऱ्हिक डर्मटायटिस असू शकतो आणि त्यावर तेल चोळून वाढायचीच शक्यता जास्त. खूप खाज, चिरा, पाणी सुटणं असेल तरी तो नुसता कोरडेपणा समजू नकोस. आणि चेहऱ्याबरोबर सगळं अंगच कोरडं, केस गळतायत, थंडी सोसत नाही, सारखा थकवा, असं असेल तर थायरॉइड बघायला हवा. तेव्हा क्लेन्झर बाजूला ठेव आणि स्किनच्या डॉक्टरांना दाखव, दोन महिने वजनकाटा घेऊन बसण्यात अर्थ नाही.

राहता राहिल्या मैत्रिणी. तेलाची बाटली दे खुशाल, आत काय आहे ते चिठ्ठीवर लिहून. जेलवाली नको, निदान पहिले तीन-चार बॅच तरी नको. मी एकदा ओट्स, दूध आणि मध घालून असलं काहीतरी बनवलं होतं, प्रिझर्व्हेटिव्हचं नाव नाही, छान बाटलीत भरून रिबिन बांधून नणंदेला दिलं. तिने ते फार जपून, पुरवून पुरवून वापरलं, महिनाभर. मला वाटलं आवडलं असणार. मग एक दिवस तिच्या हनुवटीवर पुरळ बघितलं आणि बाटली मागून घेतली, आत कडेला हिरवट रेघ होती, आणि ती बिचारी म्हणते, मला वाटलं तू त्यात काहीतरी हर्बल घातलंयस.

करून बघितलंस की पीएच किती आला ते कळव, आणि काट्याचं वजन एकदा तपासून घे, स्वस्तातले काटे फसवतात.